बांध नसलेली शेतं

साल १६३५. ऑगस्टची सकाळ आहे आणि तुम्ही इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन गावाच्या रस्त्यावर उभे आहात. तिकडे लंडनमध्ये राजा पहिला चार्ल्स संसद न बोलावता कारभार हाकतो आहे, पण इथे कुणाला त्याची फिकीर करायला उसंत नाही. गहू कापणीला आला आहे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांची घरं आहेत, आणि बरीचशी रस्त्याकडे कूस करून उभी आहेत. दार आतल्या अंगणात उघडतं. तिथेच गोठा, कोठार, कोंबड्या, शेणाचा ढीग. लॅक्स्टनचा शेतकरी शेतावर राहत नाही, गावात राहतो, कारण त्याची जमीन एका जागी नाहीच. पुढे सेंट मायकेलचं दगडी चर्च लागतं. बारसं, लग्न, माती, सगळं इथेच. चर्चच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा उंच मातीचा ढिगारा आहे. धान्य दळायचं तर पवनचक्की आहे. गावाच्या गरजा पायी चालण्याच्या टप्प्यात भागतात.

आणि हा कोंडवाडा. भिंतीआड एक गाय अडकली आहे. ती कुणाच्या तरी उभ्या पिकात शिरली होती. आता मालक येईल, पैसे भरेल आणि मान खाली घालून तिला घरी नेईल. या गावात कोंडवाड्याला चक्कीइतकंच मोल आहे. का, ते शिवारात गेल्यावर समजेल.

शिवारात पाऊल टाका. नजर जाईल तिथवर उघडं रान. कुंपण नाही, झुडपांची रांग नाही, बांधसुद्धा नाही. चिकण मातीच्या या रानात लांबट, अरुंद पट्ट्या एकमेकींना खेटून पसरल्या आहेत. बऱ्याच पट्ट्या एकराच्या आतल्या. एकाच शेतकऱ्याची एक पट्टी इथे, दुसरी ओढ्यापलीकडे, तिसरी टेकाडावर. चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी, हा त्यातला हिशेब. पाणी साचून एक पट्टी गेली तरी दुसरी घर तारते.

मोठी शेतं मोजकीच: पश्चिमेचं, दक्षिणेचं, चक्कीचं आणि पूर्वेचं एक लहान. फेरपालट मात्र तीन वर्षांची. एका वर्षी गहू, दुसऱ्या वर्षी वसंतात पेरलेलं जव किंवा वाटाणा, तिसऱ्या वर्षी पडीक. पडीक रानात गावाची मेंढरं चरतात आणि जमिनीला खत मिळतं. पीक निघालं की मोकळ्या रानात गुरं सोडायची. पण शेजाऱ्याचा गहू उभा असताना तुम्ही आपली गाय सोडलीत, तर त्याचं वर्षच बुडालं. म्हणून कधी पेरायचं, गुरं कधी सोडायची, हे एकट्याने ठरवता येत नाही. सगळं गाव मिळून ठरवतं आणि ते मोडणाऱ्याचं जनावर कोंडवाड्यात जातं.

इथेच यंदा एक माणूस शिवार मोजतो आहे. त्याचं नाव मार्क पिअर्स. लंडनचे धनाढ्य व्यापारी सर विल्यम कोर्टीन यांनी ही जहागीर विकत घेतली आहे आणि त्यांना पट्टीन् पट्टीचा हिशेब हवा आहे. पिअर्स नुसत्या रेघा ओढत नाही. नकाशात तो नांगर हाकणारी, पीक कापणारी माणसंही काढतो, चरणारी जनावरंही. तो नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

आता दोनशे वर्षं पुढे या. आजूबाजूच्या गावांत रान ओळखू येत नाही. जिकडेतिकडे कुंपणं. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या संसदेने जमिनी बंदिस्त करणारे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांखाली आली. उत्पन्न वाढवण्याच्या नावाखाली पट्ट्या एकत्र झाल्या, गायरानं खाजगी झाली. ज्यांची एक गाय त्या गायरानावर जगत होती, ते मजुरीला लागले. लॅक्स्टनच्या कडेची काही जमीनही कुंपणात गेली, पण मधली मोठी शेतं उघडी राहिली. इथलं काम अर्धवट सुटलं, हे या गावाचं नशीब.

नशिबावर मात्र शतकं निघत नाहीत. १९३८ मध्ये ऑर्विन दांपत्याने या शेतांवर पुस्तक लिहिलं आणि अभ्यासकांचं लक्ष इकडे वळलं. १९५२ मध्ये तेव्हाचे जहागीरदार अर्ल मॅनव्हर्स यांच्याकडून सरकारच्या शेती खात्याने गाव विकत घेतलं, ते ही पद्धत टिकावी म्हणून. १९८१ मध्ये ते राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं आणि २०२० मध्ये मॅनव्हर्स घराण्याच्या वारसांच्या थोर्सबी इस्टेटकडे परतलं. मालक बदलत गेले. शेतांचा कारभार गावाच्या पंचांकडेच राहिला.

त्यांना भेटायला आजच्या काळात या. नोव्हेंबर संपत आला आहे. गव्हाचे हिरवे कोंब बोटभर वर आलेत, बुटाला चिकण माती चिकटते आहे. पंच मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून यंदा गहू पेरलेल्या शेतात येतात. पट्ट्या आता पूर्वीपेक्षा रुंद आहेत, पण बांध आजही नाही. एक जण चालत हद्द पाहतो, दुसरा अंतर तपासतो, तिसरा लाकडी खुंटी मातीत ठोकतो. कुणाचा नांगर गवती वाटेत घुसला आहे का? चर उपसायचा राहिला आहे का? चूक दिसली की नोंद होते. गहू फेरपालटाने शेतोशेत फिरतो, त्यामुळे तीन वर्षांत सगळी शेतं तपासून होतात.

आठवड्याने डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे जहागिरीचं गावकोर्ट, भरतं. एरवी जिथे बिअर आणि जेवण मिळतं, तिथे त्या दिवशी पंच शपथ घेतात आणि जहागिरीच्या कारभाऱ्यासमोर दंडाची यादी येते. दंड किरकोळ असतो. पण तो शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत लागतो, आणि हद्द ओलांडायला निघालेल्याला आवरायला तेवढं पुरतं.

माझं ठाम मत आहे की लॅक्स्टन जगलं ते हद्द तपासण्याच्या त्या एका दिवसामुळे. ज्यांचं पोट या जमिनीवर आहे, तेच ती पायी फिरून तपासतात, आणि आज पंच असलेल्याची पट्टीही दुसऱ्या वर्षी दुसऱ्यांच्या नजरेखालून जाते. पाणंद असो, तळं असो की गायरान, जे सामाईक आहे ते राखायचं असेल, तर वर्षातला एक दिवस ठरवा आणि सगळ्यांनी मिळून त्याची हद्द चालून या.