जुन्या नावाची पाटी

‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. पण संगणकावर मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ईमॅक्स’ या टेक्स्ट एडिटरमध्ये कापण्याला ‘किल’ म्हणतात आणि चिकटवण्याला ‘यँक’. कट-पेस्टची जोडी घरोघरी पोचण्यापूर्वीच ही नावे तिथे रुजली आणि आजही ती कायम आहेत. रुळलेले नाव बदलणे इतके अवघड का असते, याचे उत्तर मला ईमॅक्सच्या इतिहासात सापडते.

१९७६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, ‘टेको’ नावाच्या आधीच्या एडिटरवर रचलेल्या आज्ञांच्या संचातून ईमॅक्स जन्मला. पुढे रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू ईमॅक्स’ लिहिला आणि १९८५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्यात ‘लिस्प’ भाषेत कोणालाही स्वतःच्या आज्ञा लिहिता येतात. लोकांनी त्या लिहिल्या, आपापल्या फायलींत जपून ठेवल्या आणि वर्षानुवर्षे वापरल्या. मूळ आज्ञेचे नाव बदलले की अशा कुणाच्या तरी फायलीतले रोजचे काम अडते. त्या फायली कुठे आणि किती आहेत, हे ईमॅक्स घडवणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

तरीही नावे बदलावी लागतात. फाइल फक्त वाचण्यापुरती खुली ठेवणारी, तिच्यात फेरफार होऊ न देणारी एक आज्ञा होती, ‘टॉगल-रीड-ओन्ली’. ईमॅक्समध्ये अशा अवस्थांच्या नावांचा शेवट ‘मोड’ या शब्दाने करण्याची रीत आहे. म्हणून २०१३ च्या २४.३ या आवृत्तीत तिच्या जागी ‘रीड-ओन्ली-मोड’ आली. जुने नाव मात्र लगेच पुसले नाही. दुकान हलवल्यावर मालक जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावतो, तसेच हे. जुने नाव वापरले तरी काम होत राहिले. मात्र, ते नाव असलेला लिस्प मजकूर यंत्रासाठी तयार करताना सूचना मिळू लागली: हे नाव अमुक आवृत्तीपासून कालबाह्य आहे, त्याऐवजी हे नवे नाव वापरा.

यातला ‘अमुक आवृत्तीपासून’ हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. २०२२ च्या २८ व्या आवृत्तीपासून तर ही नोंद करणे सक्तीचे झाले. कारण पाटी कायमची ठेवता येत नाही. जुनी नावे साचली की नवशिक्याचा गोंधळ होतो आणि देखभालीचे ओझे वाढते. पाटी केव्हा लावली हे माहीत असेल, तरच ती केव्हा उतरवायची हे ठरवता येते. २३ व्या आवृत्तीत, म्हणजे २००९ च्या सुमारास, कालबाह्य ठरलेली काही नावे २८ व्या आवृत्तीत काढून टाकली गेली. म्हणजे लोकांना साधारण दशकभराची मुदत मिळाली.

नाव बदलण्याचा अधिकार ते ठेवणाऱ्याकडे असतो, हे खरेच. पण त्या नावावर दुसऱ्या कुणी आपले काम उभे केले असेल, तर त्याला आधी कळवणे आणि सावरायला वेळ देणे हे कर्तव्यही त्याच्याकडेच येते. आपणही संगणकावर अशी सूचना दिसली की ती घाईने बंद करू नये. नवे नाव त्याच ओळीत लिहिलेले असते. काम बंद पडण्याआधी ते वाचून घेतलेले बरे.