पेन्सिलीने आखलेला क्रिटिकल पाथ

प्रोजेक्ट मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्याला एक जाळं काढायला शिकावंच लागतं. कोणतं काम कशामागून, प्रत्येकाला किती दिवस. मग सुरुवातीपासून मोजायचं, शेवटापासून उलटं मोजायचं आणि ज्या कामांना एका दिवसाचीही सवड उरत नाही ती हेरायची. या कामांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. या विषयाचा हा कणा विद्यापीठात नाही, रसायनांच्या कारखान्यात तयार झाला.

त्याआधी साइटवर गँट चार्ट असायचा. कामांच्या आडव्या पट्ट्या त्यात छान दिसत, पण एक पट्टी लांबली की कोणकोणत्या पट्ट्या पुढे ढकलल्या जातील, हे पट्ट्या सांगत नसत. अमेरिकेच्या ड्यू पॉन्ट कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे गणिती जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास नेमकं हेच कोडं युनिव्हॅक संगणकावर सोडवलं. ड्यू पॉन्टच्या लुइव्हिल इथल्या रसायनांच्या कारखान्यात देखभालीसाठी यंत्रं बंद ठेवायला १२५ तास लागत. ते ९३ वर आले. सगळ्यांनाच घाई करायला लावण्याऐवजी ज्यांच्यावर शेवट अवलंबून होता तेवढ्याच कामांकडे लक्ष दिलं गेलं.

१९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही भावंड-पद्धत आणली आणि तिचा मोठा गाजावाजा झाला. हार्वे सॅपोल्स्की या अभ्यासकाने १९७२ च्या पुस्तकात दाखवलं, की पोलारिसच्या यशात पर्टचा प्रत्यक्ष वाटा फार नव्हता. बाहेरच्यांची ढवळाढवळ रोखायला मात्र तिचा चांगला उपयोग झाला. पर्ट शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात ही गोष्टही सांगायला हवी.

या विद्येला खऱ्या अर्थाने वर्गात रुजवलं ते स्टॅनफर्डच्या जॉन फोंडाल यांनी. बांधकाम व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण तिथे १९५५ मध्ये सुरू झालं होतं. संगणकाचा वेळ तेव्हा भयंकर महाग; पूल नि इमारती बांधणाऱ्या साध्या ठेकेदाराला तो कुठून परवडणार? फोंडाल यांनी १९६१ मध्ये नौदलासाठी लिहिलेल्या अहवालात क्रिटिकल पाथ संगणकाशिवाय, हाताने काढायची रीत मांडली. मूळ पद्धतीत बाण म्हणजे काम होतं आणि क्रम नीट दाखवायला खोटे, शून्य दिवसांचे बाणही घालावे लागत. फोंडाल यांनी काम वर्तुळात ठेवलं आणि रेघेवर फक्त आधी-नंतरचं नातं सोपवलं. खोट्या बाणांची गरजच संपली. प्राध्यापकाने ठेकेदाराची अडचण आपली मानली, म्हणून हे घडलं.

पुढे नवल झालं. टेक्ससमधल्या झॅक्री या बांधकाम कंपनीने आयबीएमच्या साथीने १९६४ च्या सुमारास याच धाटणीची मांडणी संगणकावर नेली. १९६९ मध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि नियोजनाच्या या कसबाला व्यवसायाचं रूप येऊ लागलं. भारतात बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने १९८३ मध्ये निकमार ही शिक्षणसंस्था उभी राहिली. पुण्यात बालेवाडीला तिचं संकुल आहे आणि बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी देशभरातून मुलं तिथे येतात.

आज बहुतेक शेड्यूलिंग सॉफ्टवेअर कामाला चौकटीत आणि नात्याला रेघेवर ठेवतात. संगणक टाळण्यासाठी शोधलेली रीतच संगणकाने आपली केली.