हायब्रिड मोटारीची शीतलन यंत्रणा : बिघाड व दुरुस्ती (मालवण किनारा)

हायब्रिड मोटारीची शीतलन यंत्रणा : पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटार यांच्या जोडीवर चालणाऱ्या गाडीतील उष्णता बाहेर टाकणारी व्यवस्था. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे नुसत्या विजेवरही काही अंतर धावणाऱ्या, गाडीत ती बहुधा तीन वाटांनी चालते. इंजिनाचे कूलंट नेहमीप्रमाणे रेडिएटरमधून फिरते. बॅटरीतील वीज मोटारीला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरला कूलंटची वेगळी टाकी, छोटा विद्युत पंप आणि स्वतःचा रेडिएटर असतो. बॅटरी मात्र बहुतेक मॉडेलांत वाऱ्यावरच थंड होते : सीटजवळच्या जाळीतून एक पंखा गाडीच्या आतली हवा ओढून तिच्यावर सोडतो. ‘गाडी तापते’ या तक्रारीत या तिघांपैकी नेमके काय तापते, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता रेडिएटर उतरवणे ही गॅरेजांतील सर्वांत सामान्य चूक आहे.

भारतात टोयोटा प्रियस २०१० मध्ये विक्रीला आली, पण किमतीमुळे ती फारशी दिसली नाही. २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा आल्या, पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस आली, आणि हे तंत्र घरच्या गाडीत शिरले. सिंधुदुर्गात ते चाकरमान्यांबरोबर आणि पर्यटकांबरोबर पोचले. माइल्ड हायब्रिड, म्हणजे विजेची इंजिनाला केवळ मदत घेणाऱ्या, गाड्यांचे शीतलन जवळजवळ साध्या गाडीसारखेच असल्याने त्यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

किनाऱ्यावरची परिस्थिती : मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात पारा विदर्भासारखा चढत नाही. इथे गाडीला नडतो तो खारा, दमट वारा. रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर मिठाचा थर बसतो, त्यात जांभ्याची तांबडी धूळ मिसळते आणि पावसाळ्यानंतर त्याची खपली धरते. तारकर्ली-देवबागकडे नेहमी उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पात्यांवर पांढरी भुकटी आणि पंख्याच्या कनेक्टरमध्ये हिरवट किटण दिसते. पाती धुताना साध्या नळाचे पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला सोडावे. प्रेशर पंपाने ती वाकतात आणि मग हवेची वाट कायमची अडते.

विहिरीचे पाणी ही दुसरी अडचण. खाडीकाठच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ असते. कूलंट कमी दिसले म्हणून तेच ओतले, तर त्यातील क्लोराइड ॲल्युमिनियम आतून खाते. उत्पादकाने सांगितलेले तयार कूलंटच वापरावे. ते हाताशी नसेल, तर गॅरेजपर्यंत पोचण्यापुरते डिस्टिल्ड वॉटर चालते. वेगळ्या जातीचे कूलंट रंग जुळतो म्हणून मिसळू नये. गळती थांबवणारी पावडर तर इन्व्हर्टरच्या वाटेत मुळीच टाकू नये. तिथले मार्ग अरुंद असतात आणि ती तिथेच साचते.

बॅटरीचा पंखा : याची तपासणी सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तेही इथेच. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या मागच्या सीटवर रचल्या जातात. पेटीतले सुके गवत आणि पेंढ्याची काडी जाळीतून थेट फिल्टरवर जाऊन बसते. उरलेली वाट पेटीच अडवते. एरवी किनाऱ्यावरची वाळू, ओले टॉवेल, कुत्र्याचे केस हेच काम करतात. लक्षण असे : मागून पंख्याची घरघर वाढते, गाडी विजेवर कमी चालते, इंजिन पुन्हापुन्हा सुरू होते आणि मायलेज घसरते. पंखाच बंद पडला तर स्कॅनरवर पी०ए८२ हा कोड येऊ शकतो. जाळी काढून फिल्टर मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करणे मालकालाही जमते. मात्र त्यापुढे नारिंगी वायरींना हात लावू नये. हायरायडरच्या बॅटरीचा दाब सुमारे १७८ व्होल्ट आहे. प्रशिक्षित कारागीरही बॅटरीची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावर इन्व्हर्टरमधला विजेचा साठा उतरेपर्यंत किमान दहा मिनिटे थांबतो. काचा उघड्या टाकून समुद्राची हवा खाण्यापेक्षा उन्हात एसी चालू ठेवणे बॅटरीच्या हिताचे असते, कारण ती तुमच्याच हवेवर जगते.

इन्व्हर्टर : पंप थांबला की पी०ए९३ हा कोड आणि धोक्याचा दिवा येतो, शक्ती कमी होते, प्रसंगी गाडी थांबते. याच पंपाच्या दोषापायी टोयोटाने २०१२ मध्ये दुसऱ्या पिढीच्या प्रियस गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. ज्या मॉडेलांत टाकीत वरून डोकावता येते, तिथे परीक्षा सोपी आहे : थंड गाडी ‘रेडी’ स्थितीत ठेवून झाकण उघडावे. कूलंट खळखळत असेल तर पंप जिवंत आहे. निश्चल असेल तर आधी फ्यूज व कनेक्टर, मग पंप पाहावा. आंबोली किंवा फोंडा घाट उतरताना इंजिन जवळपास आरामात असते, पण ब्रेकची ऊर्जा वीज बनून इन्व्हर्टरमधून बॅटरीत जात असते. घाटाच्या पायथ्याशी दिवा लागला तर म्हणूनच संशय आधी इकडे घ्यावा.

इंजिन : बाहेर थेंबभर गळती नसताना कूलंट घटत असेल आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिन थरथरत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये हा दोष प्रसिद्ध आहे. तिथे बहुधा काजळीने तुंबलेल्या ईजीआर कूलरकडे (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) बोट दाखवले जाते. कूलंटमध्ये इंजिनाचा धूर शिरला का हे दाखवणाऱ्या ब्लॉक टेस्टरच्या निळ्या द्रवाचा रंग पिवळा झाला तर निदान पक्के. कूलंट बदलल्यावर हवा काढतानाही हायब्रिड गाडी फसवते. इंजिन मनाला येईल तेव्हा बंद होते, हवा आतच राहते आणि दुसऱ्या दिवशी तीच तक्रार परत येते. त्यासाठी गाडी मेंटेनन्स मोडमध्ये घेऊन इंजिन सलग चालवावे लागते. तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये, हा नियम इथेही तोच.

मुंबईकराची गाडी गावच्या पडवीत महिनोन्‌महिने उभी राहते तेव्हा उंदीर वायरी व रबरी होज कुरतडतात. सुरू करण्याआधी बॉनेट उघडून टॉर्चने पाहावे. किनाऱ्यावरच्या गाडीचा बॅटरी-फिल्टर वर्षातून दोनदा काढून पाहावा : एकदा आंब्याचा हंगाम संपल्यावर, एकदा गणपतीला निघण्यापूर्वी.