डागांची बखर

दसरा उलटला, की आमच्या बेळगावच्या घरात माळ्यावरचा जमखाना खाली उतरत असे. दोघांनी दोन टोके धरून तो परसात न्यायचा, दांडीवर टाकायचा आणि काठीने झोडपायचा. धूळ निघून जाई, डाग मात्र राहात. आजी उंबऱ्यावर बसून एकेकाची ओळख सांगे. ही आजोबांची दौत लवंडली ती जागा, हा आत्याच्या लग्नातल्या विड्याचा, हा लक्ष्मीपूजनाच्या पणतीचा. आमच्या घराण्याची बखर कुणी लिहिली नाही. ती अशी जमखान्यावर उमटली होती.

त्यांतला एक डाग माझ्या नावावर आहे. धाकट्या काकांच्या लग्नात हळदीची वाटी कलंडली. मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो. तांब्याभर पाणी, धुण्याचा सोडा आणि साबणाची वडी घेऊन मी मोठ्या हिरिरीने घासायला बसलो. पाहता पाहता पिवळा डाग लालभडक झाला. आजी म्हणाली, "घासालास कशाला रे? हळदीचं कुंकू केलास की!" तिने त्यावर लिंबू पिळले. लाल गेले, पिवळे परत आले. मग साध्या पाण्याने धुऊन जमखाना चार दिवस उन्हात टाकला. आज तो डाग शोधावा लागतो. माझ्या घासण्याने उसवलेले सूत मात्र चटकन दिसते.

आजीचे बोलणे थट्टेचे नव्हते. हळदीतला पिवळा रंग, करक्युमिन, युरोपात १८१५ साली वेगळा काढला गेला. क्षार लागला की तो लाल होतो, आम्ल लागले की पुन्हा पिवळा, आणि उन्हात विटतो. आपल्याकडे हळकुंडांवर खाराचा संस्कार करून कुंकू करीत, ते याच गुणावर. सांगलीची हळदपेठ हाकेच्या अंतरावर असताना, पुस्तकातला लिटमस कागद पाठ केलेल्या मला हे ठाऊक नव्हते, आणि शाळेची पायरी न चढलेल्या आजीला होते.

जमखान्याचेही थोडे सांगायला हवे. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचे सुती जमखाने आपल्या भागात घरोघर असत. उभ्या मागावर ते विणतात त्या तिथल्या मुसलमान बायका. ठसठशीत भौमितिक आकृत्या, मोर, आणि बैठकीत फाशांचा खेळ मांडता यावा म्हणून विणलेला सोंगट्यांचा पट ही त्यांची खूण. २०११ साली या विणकामाला भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु विणणारे हात घटतच आले आहेत.

अशा बैठकीवर जे सांडे, त्या प्रत्येकाचा स्वभाव निराळा, आणि जुन्या घरांना तो स्वभाव माहीत होता. तेल सांडले तर पाणी लावायचे नाही. वर बेसन, कोंडा किंवा मुलतानी माती पसरून रात्रभर ठेवायची आणि सकाळी झटकायची. रक्ताला थंड पाणी. ऊन पाण्याने ते शिजते आणि धाग्याला धरून बसते. विड्याचा लाल रंग चुन्याच्या क्षारामुळे खुलतो, म्हणून त्यावर लिंबू किंवा ताक. शाईचे दोन प्रकार. हिरडा आणि हिराकस यांची शाई लोखंडामुळे काळी होते, ती लिंबू-मिठाला नमते. काजळीची शाई म्हणजे निव्वळ कोळसा, ती कशालाच नमत नाही. म्हणून तर जुनी दफ्तरे आजही वाचता येतात, आणि म्हणूनच आजोबांच्या दौतीचा डाग अजून तिथेच आहे.

घरचे उपाय थकले, की गाठोडे परटाकडे जाई. रेशीम आणि लोकर यांना तो रिठ्याचे पाणी वापरी. रिठ्याचा फेस सौम्य असतो, आणि प्राणिज धाग्याला तीव्र क्षार सोसत नाही. सुती कपड्याला मात्र सज्जीखार आणि भट्टी. गंमत अशी, की डाग काढणारा हाच माणूस प्रत्येक कपड्यावर एक डाग स्वतः पाडीत असे. बिब्ब्याच्या रसाने खूण करून वर चुना लावला, की ती काळी पडते आणि कपडा फाटेपर्यंत जात नाही. कायमचे काय आणि जाणारे काय, हे त्याच्याइतके कुणाला कळणार!

युरोपची कथाही फार वेगळी नाही. प्राचीन रोममध्ये धुलाईवाले मुलतानीसारखी माती आणि शिळे मूत्र वापरीत, आणि सम्राट व्हेस्पेशियनने त्या मूत्रावरही कर बसवला होता. १७८५ च्या सुमारास बेर्तोले या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्लोरीनने कापड पांढरे होते हे दाखवले, आणि १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले. कुरणात महिनोन् महिने कापड वाळवण्याचा खटाटोप संपला. परंतु हे चूर्ण डागासोबत रंगही खाते, आणि लोकर तर विरघळवतेच.

पाण्याशिवाय डाग काढण्याच्या एका युक्तीचे पेटंट न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय शिंपी थॉमस जेनिंग्ज याने १८२१ साली मिळवले. १८३६ मध्ये पेटंट कचेरीला आग लागली आणि त्याची कृती जळून गेली. नाव राहिले, विद्या गेली. धुळीचा प्रश्न सोडवला ह्यूबर्ट बूथ या इंग्रज इंजिनियराने. तोवरची काही यंत्रे वारा फुंकून धूळ उडवीत. बूथने खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालावर काळे वर्तुळ उमटले. १९०१ साली त्याने धूळ ओढणारे यंत्र केले. ते घोडागाडीवरून येई, रस्त्यावर उभे राही, आणि त्याच्या नळ्या खिडकीतून आत जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमधला गालिचा त्याने साफ केला.

आपल्याकडे १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. साबण स्वस्त झाला, घरोघर गेला, आणि सगळ्या डागांना एकच औषध ही समजूतही त्याच्यामागून आली. आपल्या भागातल्या विहिरींच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि त्याची साय कापडावर बसते. १९५९ साली सर्फ आणि १९६९ साली निरमा आली, तेव्हा ती अडचण पुष्कळ कमी झाली. त्याआधी १९१३ मध्ये ओटो रोम या जर्मन रसायनज्ञाने स्वादुपिंडातली पाचकद्रव्ये धुण्यासाठी वापरली होती. रक्त, दूध, अंडे यांचे डाग ती अक्षरशः पचवतात. रसायनशास्त्र हिंडून फिरून शेवटी तिथेच आले, की डाग कशाचा ते आधी ओळखा.

आता बैठक गेली, सोफे आले. जमखाना निदान दांडीवर टाकता येई, सोफ्याची गादी उचलून उन्हात कशी टाकणार? गेल्या दिवाळीत नातवाने तिच्यावर चहा सांडला. सूनबाई बाटली आणि ब्रश घेऊन धावली. मी म्हटले, "थांब गं, घासू नको." कोरडे सुती फडके दाबून जेवढे निघते तेवढे टिपून घेतले. मग ओल्या फडक्याने कडेकडून मध्याकडे, म्हणजे डाग पसरत नाही. बाटलीतले औषध आधी मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहिले. शेवटी पंखा लावला, कारण आत ओल राहिली तर बुरशी धरते. डाग गेला. सूनबाईने विचारले, "हे कुठं वाचलंत?"

वाचले कुठेच नव्हते. आजीने लिहून ठेवले नाही, परटाने तर नाहीच, आणि मी विचारले नाही. जेनिंग्जची कृती आगीत गेली, आमच्याकडची न विचारल्यामुळे चालली आहे. त्या संध्याकाळी एक वही काढून पहिल्या पानावर लिहिले: हळद – लिंबू, पाणी, ऊन, साबण नको. जमखाना अजून माळ्यावर आहे. यंदा दसऱ्यानंतर तो खाली काढला, तेव्हा नातू उंबऱ्यावर बसला होता. त्याला एकेका डागाची ओळख सांगितली, आणि माझ्या हाताने उसवलेली जागाही दाखवली.