विलोपनास औषधाचे साहाय्य : व्यसनोपचारातील एका प्रयोगाचा इतिहास

व्यसनोपचाराच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार उपस्थित झालेला दिसतो. मादक द्रव्याचा अंश शरीरातून नाहीसा झाला, ते बंद केल्याने होणारे क्लेशही शमले, आणि रुग्णाचा निश्चय प्रामाणिक आहे, असे असतानाही जुन्या परिसरात परतताच तो पुन्हा व्यसनाकडे का वळतो? मनाचे दौर्बल्य हे याचे उत्तर दीर्घकाळ पुरेसे मानले गेले. विसाव्या शतकात अध्ययनाच्या सिद्धांतातून निराळे उत्तर पुढे आले, त्यावर एक उपचारपद्धती उभी राहिली, आणि ती दुबळी ठरू लागली तेव्हा तिला औषधाची जोड देण्याचा प्रयत्न झाला. या प्रयत्नाला अपेक्षित यश लाभले नाही. तथापि ते का लाभले नाही, याचा इतिहास यशाच्या वृत्तांतापेक्षा अधिक उद्बोधक आहे.

या विचाराचे मूळ पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत सापडते. अन्नाबरोबर वारंवार ऐकविलेला ध्वनी पुढे एकटाच कुत्र्याच्या तोंडी लाळ आणू लागतो, हे सर्वश्रुत आहे. तोच ध्वनी अन्नावाचून पुनःपुन्हा ऐकविल्यास लाळ हळूहळू थांबते; या क्रियेस विलोपन म्हणतात. परंतु काही काळ मध्ये जाऊ दिल्यावर तोच ध्वनी पुन्हा लाळ आणतो, हेही पाव्हलॉव्हने नोंदविले होते. विलोपन म्हणजे विस्मरण नव्हे. जुन्या धड्यावर चढविलेला तो एक नवा धडा होय. या नोंदीचे महत्त्व व्यसनोपचारकांच्या ध्यानी यावयास मात्र पुष्कळ अवधी लागला.

अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे 1935 मध्ये अफूजन्य द्रव्यांच्या व्यसनींसाठी सरकारी रुग्णालय स्थापन झाले. तेथील संशोधक अब्राहम विक्लर यांनी 1948 मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. कित्येक महिने द्रव्यापासून दूर राहिलेले रुग्ण एकत्र बसून त्याविषयी बोलू लागले, की त्यांना जांभया येत, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहू लागे. म्हणजे द्रव्य नुकतेच बंद केल्याची लक्षणे दिसू लागत. पूर्वीच्या सेवनाशी जोडली गेलेली परिस्थितीच ही लक्षणे उत्पन्न करते, असा निष्कर्ष विक्लर यांनी काढला. 1977 मध्ये फिलाडेल्फिया येथील चार्ल्स ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट मानवी स्वयंसेवकांवर प्रयोगाने दाखविली. एका विशिष्ट ध्वनीची व गंधाची सांगड अशा लक्षणांशी घातल्यावर पुढे ध्वनी व गंध एवढ्यानेच ती प्रकट झाली.

यापुढील पाऊल स्वाभाविक होते. सिगारेटचे पाकीट, मद्याचा पेला, सुई यांचे दर्शन जर तलफ उत्पन्न करीत असेल, तर सेवनाची संधी न देता रुग्णास त्यांच्या सान्निध्यात पुनःपुन्हा ठेवावे, म्हणजे तलफेचे विलोपन होईल. हाच संकेत-सान्निध्य उपचार होय. उपचारकक्षात तलफ कमी होते, असे अनेकदा आढळून आले. परंतु 2002 मध्ये कॉन्क्लिन व टिफनी यांनी तोवरच्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले, तेव्हा या उपचाराच्या परिणामकारकतेचा सुसंगत पुरावा त्यांना मिळाला नाही. याचे कारण मार्क बूटन यांच्या प्राण्यांवरील संशोधनात आधीच सूचित झालेले होते : विलोपन ज्या जागी घडते त्या जागेला ते बांधलेले राहते. उपचारकक्षात शिकलेला धडा घराजवळच्या गुत्त्यापर्यंत पोहोचत नाही.

हा नवा धडा अधिक पक्का करता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. सायक्लोसेरीन हे 1955 च्या सुमारास उपलब्ध झालेले क्षयरोगावरील प्रतिजैविक. इतर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर भारतासह अनेक देशांत त्याचा उपयोग होत आला आहे. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या मनःस्थितीत पालट होतो, हे त्या काळीच दिसून आले होते. पुढे त्याचे कारण स्पष्ट झाले. मेंदूत एन-एम-डी-ए नावाचे ग्राहक असतात आणि अध्ययनात त्यांचा मोठा वाटा असतो. डी-सायक्लोसेरीन हे द्रव्य त्यांच्या कार्याला अंशतः चालना देते. हे ग्राहक अडविल्यास उंदरांतील भयाचे विलोपन थांबते, हे मायकेल डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखविले होते. त्यांना चालना दिल्यास विलोपन सुलभ होते, हे त्याच परंपरेतील प्रयोगाने 2002 मध्ये सिद्ध केले. 2004 मध्ये केरी रेस्लर व सहकाऱ्यांनी उंचीचे भय असणाऱ्या व्यक्तींना संगणकनिर्मित दृश्यांच्या साहाय्याने दोनच बैठकांचे उपचार दिले. बैठकीपूर्वी या औषधाची एकेक मात्रा घेतलेल्यांना निष्क्रिय गोळी घेतलेल्यांपेक्षा अधिक लाभ झाला.

भयाच्या बाबतीत साधले ते तलफेच्या बाबतीतही साधेल, अशी आशा आता निर्माण झाली. कोकेनशी जोडलेल्या जागेची ओढ या औषधामुळे उंदरांत लवकर विरते, असे 2006 मध्ये दिसले. 2009 मध्ये धूम्रपान करणाऱ्यांवरील एका लहान प्रयोगातही अनुकूल फळ मिळाले. परंतु त्याच वर्षी कोकेनाधीन व्यक्तींवरील प्राथमिक प्रयोगात औषध घेतलेल्यांची तलफ घटण्याऐवजी वाढण्याकडे कल दिसला. मद्यपींच्या बाबतीत 2015 मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे मेंदूच्या प्रतिमांतून अनुकूल बदल नोंदविला गेला. पण अशा लहान अभ्यासांतून एकसंध निष्कर्ष निघाला नाही.

एकच औषध दोन विरुद्ध फळे का देते, याचा उलगडा केंब्रिज येथील ली, मिल्टन व एव्हरिट यांच्या 2006 मधील प्रयोगात मिळतो. भयसूचक संकेत उंदरांना अल्पकाळच दाखविला तर त्यांची जुनी स्मृती जागी होते व पुन्हा दृढ होते. दीर्घकाळ दाखविला तर विलोपन सुरू होते. औषध दिल्यास पहिल्या स्थितीत भय बळावले आणि दुसरीत ते ओसरले. कोकेनशी निगडित स्मृतीही या औषधाने बळकट होऊ शकते, हे 2009 मध्ये दिसून आले. भयग्रस्तांच्या उपचारांत 2013 मध्ये स्मिट्स व सहकाऱ्यांनी तेच अन्य मार्गाने दाखविले : बैठकीच्या शेवटी भय उतरलेले असेल तर औषध लाभ वाढविते, भय तसेच असेल तर हानी वाढविते. 2017 मध्ये 1047 व्यक्तींच्या माहितीचे एकत्र विश्लेषण झाले, तेव्हा भयविकारांतही औषधाने होणारा अधिकचा लाभ अल्पच ठरला.

सारांश, हे औषध व्यसनावरील औषध नव्हते. ते अध्ययनावरील औषध होते, आणि काय शिकावे हे त्यास ठाऊक नव्हते. तलफ शिगेला असतानाच बैठक आटोपली, तर रुग्ण तलफच अधिक चांगली शिकून घरी जाण्याचा संभव असतो. मद्याचे अतिसेवन करणाऱ्यास सायक्लोसेरीनपासून आकडी येण्याचा धोका अधिक असतो, हेही येथे विसरता येत नाही. पाव्हलॉव्हच्या नोंदीत जे सूचित होते त्याकडेच हा इतिहास परत नेतो : जुनी स्मृती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी उभी करावी लागते. ती किती वेळ, कोणत्या जागी आणि तलफेच्या कोणत्या टप्प्यावर उभी करावयाची, याचा निर्णय गोळी घेत नाही. तो उपचारकानेच घ्यावयाचा असतो.