‘ब्योमकेश बक्षी’ : कंदिलाच्या उजेडातील सत्यान्वेषी

‘ब्योमकेश बक्षी’ ही दूरदर्शनवर १९९३ मध्ये सुरू झालेली हिंदी रहस्यमालिका. दिग्दर्शक बासू चटर्जी. रजित कपूर यांनी ब्योमकेशची, के. के. रैना यांनी त्याचा मित्र व कथालेखक अजितची, तर मराठी अभिनेत्री सुकन्या कुलकर्णी यांनी पत्नी सत्यवतीची भूमिका साकारली. मालिकेचे दुसरे पर्व १९९७ मध्ये आले.

मूळ कथा शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या. पहिल्या कथा १९३२ मधील, म्हणजे ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) या चित्रपटाने हॉलिवूडमध्ये ‘न्वार’ शैली रुजविण्यापूर्वीच्या. तरीही अंधारे जिने, संशयास्पद भाडेकरू, पैशापायी नासलेली घराणी हे सारे त्यांत आहे. ‘सत्यान्वेषी’ या कथेत ब्योमकेश खोटे नाव घेऊन कोलकात्यातील एका मेसमध्ये राहतो; त्या मेसमागे कोकेनचा व्यापार दडलेला असतो. गुप्तहेर हा शब्द त्याला रुचत नाही, तो स्वतःला सत्याचा शोध घेणारा म्हणवतो.

चटर्जी यांनी हा काळोख भडक केला नाही. पाठलाग, बंदुका जवळजवळ नाहीत. आहेत त्या बंद खोल्या, मंद उजेड, चहा, सिगारेट आणि दीर्घ संभाषणे. न्वार चित्रपटांतील एकाकी, कडवट गुप्तहेराऐवजी येथे संसारी गृहस्थ दिसतो. मालिकेचे वेगळेपण नेमके यातच आहे. गुन्हा घराबाहेरच्या टोळीत नव्हे, तर वारसाहक्क, विमा, नातेसंबंध यांत जन्मतो, ही जाणीव त्यामुळे अधिक अस्वस्थ करते.

या बंगाली नायकाचे महाराष्ट्राशी असलेले नाते मात्र फारसे चर्चिले गेले नाही. शरदिंदु १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहिण्यास मुंबईत आले. (हावड्याहून मुंबईकडे येणारे अलाहाबादमार्गे व नागपूरमार्गे असे दोन्ही लोहमार्ग भुसावळलाच मिळतात.) चित्रपटांच्या त्या वर्षांत ब्योमकेश जवळपास दीड दशक गप्प राहिला. १९५२ मध्ये लेखक पुण्यात स्थायिक झाले आणि नंतरच्या अनेक ब्योमकेशकथा तेथेच लिहिल्या गेल्या. चटर्जी हेही मुंबईत ‘ब्लिट्झ’चे व्यंगचित्रकार म्हणून घडलेले.

दिबाकर बॅनर्जी यांच्या २०१५ मधील चित्रपटाने ब्योमकेशला उघडपणे न्वार रूप दिले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुनी मालिका पुन्हा दाखविली. त्याच वर्षी ४ जून रोजी बासू चटर्जी यांचे मुंबईत निधन झाले.