देवळालीचे कापरेकर मास्तर आणि यंत्राला घातलेलीं कोडीं

इ. स. १९४९ सालीं मद्रास येथें भरलेल्या गणित-परिषदेंत नाशिकजवळच्या देवळालीहून आलेल्या एका शाळामास्तरांनीं एक लहानसा प्रयोग मांडला. चार अंकी कोणतीहि संख्या घ्यावी. तिचे चारहि अंक सारखे मात्र नसावेत. ते अंक प्रथम उतरत्या व नंतर चढत्या क्रमानें लिहून मोठ्या संख्येंतून लहान वजा करावी. आलेल्या बाकीवर तोच संस्कार पुनः करावा. असें करीत गेलें म्हणजे फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या हातीं येते, आणि एकदां ती आली कीं तिच्यांतून पुनः तीच निघते. प्रोग्राम लिहावयास शिकणाऱ्यांस आज जगभर जीं आरंभींचीं कोडीं घालतात, त्यांत हें एक असतें. त्याचा उगम नाशिक जिल्ह्यांतल्या एका शाळेच्या मास्तरांपाशीं आहे, हें सोडविणाऱ्यांस बहुधा ठाऊक नसतें.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणूस झाला. शाळा ठाण्यास व कॉलेज पुण्याचें फर्ग्युसन; तेथें असतां १९२७ सालीं रँग्लर परांजपे ह्यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक त्यांनीं मिळविलें. १९२९ सालीं मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाल्यावर ते १९३० पासून देवळालीस शिक्षक झाले आणि १९६२ सालीं निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले. त्यांपुढील पदवी त्यांजपाशीं नव्हती. संख्यांना नांवें ठेवण्याचा मात्र त्यांस मोठा शोक. जिच्या अंकांच्या बेरजेनें जी भागली जाते ती ‘हर्षद’ संख्या, आणि जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो स्टेशनावर सुचल्या म्हणून दुसऱ्या कांहीं ‘डेम्लो’ संख्या!

कित्येक पंडितांनीं हें सारें पोरखेळ म्हणून बाजूस सारलें, व बरेंचसें लेखन मास्तरांस स्वतःच पुस्तिकारूपानें छापावें लागलें. पंडितांचा आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. ६१७४ चा चमत्कार संख्येच्या मूल्यांत नसून दशमान पद्धतीनें ती कशी लिहिली जाते त्यांत आहे. लेखनपद्धति बदलली कीं हा चमत्कार मावळतो. परंतु संख्येचें मूल्य निराळें आणि तिचें लिखित रूप निराळें, हा भेद शुद्ध गणितांत कितीहि गौण असो, संगणकाच्या कामांत त्याच्याइतका घात दुसरा कशानेंहि क्वचितच होतो.

मास्तरांचें जन्मवर्षच घेऊन पाहावें. १९०५ चे अंक उतरत्या क्रमानें ९५१० व चढत्या क्रमानें ०१५९, वजाबाकी ९३५१. पुढें क्रमानें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीस ६१७४. येथें ०१५९ मधील आरंभींचें शून्य गळालें तरी बिघडत नाहीं, कारण वजाबाकीपुरतें मूल्यच लागतें. आतां २१११ ही संख्या घ्यावी. २१११ मधून १११२ वजा जातां ०९९९ उरतात. मास्तरांच्या रीतीनें हें शून्य अंक म्हणून जपलें पाहिजे. मग ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१, त्यानंतर ८०८२, ८५३२ आणि ६१७४ असा मार्ग सरळ लागतो. नवशिक्याचा प्रोग्राम मात्र बाकी ‘संख्या’ म्हणून ठेवतो. संख्येला आरंभींचें शून्य नसतें. यंत्राजवळ ९९९ एवढेंच उरतें, ९९९ मधून ९९९ जातात, आणि उत्तर येतें शून्य. यंत्र कांहीं तक्रार करीत नाहीं. १००० पासून ९९९९ पर्यंतच्या सर्व संख्या ह्या चुकीच्या रीतीनें तपासल्या, तर ७७ संख्या शून्यांत बुडतात. त्यांपैकीं सारख्या अंकांच्या ९ वगळल्या म्हणजे ६८ संख्यांचा बळी केवळ ह्या निष्काळजीपणानें जातो.

हीच चूक कचेऱ्यांतून रोज घडते. नाशिकच्या दूरध्वनीचा संकेतांक ०२५३. माहितीच्या कोष्टकांत तो रकाना ‘संख्या’ म्हणून आखला कीं नोंद होते २५३, आणि मग त्यावरून फोन लागत नाहीं. संकेतांक, हजेरीपटांतील क्रमांक, बँकेच्या खात्याचा क्रमांक, ह्यांची कोणी बेरीज करीत नाहीं; तीं अंकांनीं लिहिलेलीं नांवेंच होत. डेटाबेस आखतांना अशा रकान्यास मजकूर समजावें, एवढाच ह्यावर उपाय. तो आरंभींच करावा लागतो. कारण एकदां गळालेलें शून्य मागाहून ओळखून परत बसविणें पुष्कळदां अशक्य होतें.

दुसरी चूक थांबण्याची. ६१७४ येईपर्यंत चालत राहा, अशी आज्ञा दिली आणि कोणी ४४४४ ही संख्या पुरविली, तर यंत्र शून्यांतून शून्य काढीत कायमचें बसेल. पांच अंकांत तर एकच अंतिम संख्या मुळींच नाहीं. ५३९५५ मधून ५९९९४ निघते व तिच्यांतून पुनः ५३९५५. ज्या संख्या येऊन गेल्या त्यांची याद ठेवून, एखादी पुनः दिसतांच थांबावें, हा उपाय.

मास्तरांचें दुसरें एक कोडें ह्याहून खोल आहे. कोणत्याहि संख्येंत तिच्या अंकांची बेरीज मिळविली कीं नवी संख्या जन्मास येते; १५ पासून १५ अधिक ६, म्हणजे २१. पण २० ही संख्या अशी कोणापासूनहि जन्मत नाहीं. अशा मातापित्यांवांचूनच्या संख्यांना त्यांनीं ‘स्वयंभू’ म्हटलें. त्यांना देवळालीचेंहि नांव मिळालें. दहा हजारांपर्यंतच्या स्वयंभू संख्या शोधावयाच्या, तर नवशिका प्रत्येक संख्येसाठीं तिच्या मागच्या सर्व संख्या चाळतो. हे खेटे पांच कोटींच्या घरांत जातात. जाणता उलट बाजूनें जातो: प्रत्येक संख्येचें अपत्य एकदांच काढावें, त्यावर खूण करावी, आणि बिनखुणेच्या राहिल्या त्या स्वयंभू. काम दहा हजार पायऱ्यांत आटोपतें. शाळेच्या पांचशें विद्यार्थ्यांची फी पाहावयाची असतां मोबाइलवरील ॲपनें दूरच्या डेटाबेसला पांचशें वेळां प्रश्न विचारावा, कीं सर्वांची यादी एकाच प्रश्नांत जोडून आणावी, हा भेद हाच. शहरांतल्या जलद जाळ्यावर तो जाणवतहि नाहीं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत जेथें जाळें मंद असेल तेथें पडद्यावर नुसतें चक्र फिरत राहातें, आणि दोष बिचाऱ्या फोनवर येतो.

आंकड्यांचें विश्लेषण करणाऱ्यांनींहि ६१७४ कडे एकदां पाहावें. ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या दहा हजारांतून सारख्या अंकांच्या १० काढल्या म्हणजे ९९९० उरतात. त्यांस लागणाऱ्या पायऱ्यांची सरासरी सुमारे ४.६७ येते. ही वाचून कोणासहि वाटेल कीं, बहुतेक संख्या चार-पांच पायऱ्यांत पोंचत असतील. प्रत्यक्षांत तीन पायऱ्यांच्या सर्वांत अधिक, २४००; त्यांच्या खालोखाल सात पायऱ्यांच्या, २१८४; चारांच्या अवघ्या १२७२ व पांचांच्या १५१८. दोन उंचवटे आणि मध्यें दरी, असें हें चित्र आहे, व सरासरी नेमकी दरींत जाऊन बसली आहे. सरासरी काढण्यापूर्वीं मोजदाद मांडून पाहाण्याचा आळस किती अहवालांस भोंवत असेल!

शिवाय दहा हजार संख्या तपासण्याची आवश्यकताच नाहीं. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतला फरक एक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक दुसरा. पहिल्याला ९९९ नें व दुसऱ्याला ९० नें गुणून बेरीज केली कीं वजाबाकीचें उत्तर तयार. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. एकंदर ५४ जोड्या. म्हणजे पहिल्या पायरीनंतर ५४ च उत्तरें संभवतात, आणि तीं पाटीपेन्सिलीनें एका दुपारीं तपासून होतात. ज्याला हें सुचतें त्याचा प्रोग्राम लहान होतो, आणि तो बरोबर आहे कीं नाहीं हें त्याला यंत्रावांचूनहि पडताळतां येतें.

परदेशीं मास्तरांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें मार्च १९७५ मध्यें, मार्टिन गार्डनर ह्यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांतील आपल्या सदरांत त्यांजवर लिहिलें तेव्हां. मास्तर त्यावेळीं सत्तर वर्षांचे होते. १९६६ सालीं पत्नी निवर्तली, पेन्शन पुरेनासें झालें, आणि उतारवयांत त्यांस गणिताच्या व शास्त्राच्या शिकवण्या धराव्या लागल्या. १९८६ सालीं ते वारले.